साठ पोत्यांवर एक अंगठा

—न्हाई, न्हाई, फोटो माझाच हाय, दादा. सहादेव मीच. पिशवीवर टोपी जरा तिरकी दिसती, त्या कल्याननं घाईत काढला — कल्यान म्हंजे कंपनीचा मानूस, बाजरी न्यायला येतो तो — पन म्हातारा ह्योच. बसा की. बाजेवर बसा. म्हंजे पुन्यावरनं ह्या पाथर्डीच्या माळावर आलात, निस्त्या त्या ठिपक्यांच्या चौकटीवर मोबाईल धरून? मग खरं बोलत हुता कल्यान. म्हनला हुता, बाबा, ह्याच्यावर मोबाईल धरला की गिऱ्हाइकाला तुमचं गाव, रान, पेरा, कापनी, समदं दिसंल. ब्लॉकचेन म्हनत्यात. साखळीच ती, रानापासनं ताटापत्तर. एकदा लिवलं की कोनाला खोडता येत न्हाई, कंपनीला न्हाई, सरकारला न्हाई. मी म्हनलं, ब्येस झालं, मला लिवताच येत न्हाई, मी कशाला खोडतोय! लई हसला. तुमी हसत न्हाई. पानी घ्या. न्हाई? बरं.

रान बघायचंय? ते काय, बांधापल्याड. दोन एकर. — एवढ्यात साठ पोती कशी? हां. न्हाई येत. चांगलं पिकलं तर बारा, लई झाली तर चौदा. आता वळखलंतच तर सांगतो, चोरी न्हाई त्यात. आमच्या आळीतली सहा घरं दिवाळी झाली की कोयता घेऊन संगमनेरकडं ऊसतोडीला जात्यात. घराला कुलूप लावत्यात आन बाजरीची पोती माझ्या पडवीत ठेवून जात्यात. रीतच हाय ही, माझ्या बापापासनं — जो म्हातारा मागं ऱ्हातो त्यानं समद्यांचं धान राखायचं. आता कंपनीला दर पोत्यामागं मालकाचा अंगठा पायजे, आन मालक उसाच्या फडात. कल्यान म्हनला, बाबा, तुमचाच लावू समद्यांवर, बाजरी तर एकाच शिवारातली, कुनाचं काय बिघडतंय? लावला. साठ येळा लावला. शेवटाला अंगठा घामानं उमटंना, तर धोतराला पुसून लावला.

विषमुक्त लिवलंय ना तिथं? व्हय, आमी फवारत न्हाई. पोत्यात लिंबाचा पाला घालायचा, बास. आता त्या सहा घरांतल्या गोरक्षची बायको, रतनबाई, ती जरा भित्री. गेल्या साली तिची निम्मी बाजरी किड्यानं नेली, तवापासनं — न्हाई, ते जाऊ द्या. तुमाला काय करायचंय त्याचं. च्या टाकू का? सारखं मोबाईलकडं बघताय. कुनाचा फोन यायचाय? दवाखान्यातनं? कोन हाय दवाखान्यात?

लेक व्हय? किती वर्साची?

पाच. — आन भाकरी खाल्ल्यावरच उलट्या? अजून डोळं उघडलं न्हाईत?

सांगतो. आडवू नका मला, दादा, मी सावकाशच बोलतो, माझी सवयच तशी. रतनबाईनं गोळ्या टाकल्या हुत्या. दुकानातल्या, किड्याच्या, फडक्यात बांधून. मला न सांगता. पोती मोजायला उघडली तर लसनावानी वास आला. एकात पुरचुंडी घावली, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. लांब नेऊन खड्ड्यात पुरल्या. पन खाली सांडलेलं कोंबड्यांनी टिपलं. दुपारपत्तर तीन कोंबड्या आडव्या. मी म्हनलं, मुंगसाचं काम असंल. आंगावर एक जखम न्हवती, तरी म्हनलं. तेवढ्यात रतनबाईचाच फोन आला फडातनं, घराची, पोत्यांची चौकशी करती ती रोजची. मी इचारलं, बाई, गोळ्या किती? ती म्हनली, चार पोत्यांत चार पुरचुंड्या, बाबा.

मला घावल्या तीन.

तवर पोती शिवून झाली हुती, ठिपक्यांचे कागद चिकटवून झाले हुते, टेम्पो भोंगा वाजवत हुता — भोगीच्या आत माल पुन्याला पायजे म्हनून. साठच्या साठ एकसारखी, सुतळी बी एकाच रिळाची. समदी उतरवावी लागली असती. कंपनीनं नाव कापलं असतं, सहा घरं फडातनं आल्यावर माझ्या दारात उभी राह्यली असती. आन वाटलं, त्यांच्याकडं चाळायचं यंत्र हाय, निघंल त्यात. मी कल्यानला हाक मारली. तो थांबला बी. म्हनला, काय बाबा? मी म्हनलं, काय न्हाई, सावकाश जा.

कोन्त्या पोत्यावर कोन्ता कागद? ते कसं सांगू? मला ते ठिपके समदे सारखेच. हाताला आला तो चिकटवला. तुमच्या मोबाईलला बी तेवढंच ठावं, जेवढं मी चिकटवलं. चवथी पुरचुंडी तुमच्याच पिशवीत उतरली, का आनखी कुनाकुनाच्या — मला न्हाई सांगता येत, दादा. रतनबाईचं नाव नका घेऊ. तिनं किड्यासाठी टाकल्या. तिनं काय टेम्पो भरला न्हाई.

माझा फोटो असलेलं समदंच थांबवायला सांगा. साठच्या साठ. व्हय, त्या सहा घरांचं बी. त्यांच्याशी मी बोलंन. कल्यानचा नंबर तिथं भिंतीवर हाय, तुमीच लावा. लागत न्हाई? परत लावा. — हितं रेंज न्हाई येत धड, खाली फाट्यावर येती. मग उठा की, माझ्या तोंडाकडं काय बघत बसलात! मला काय बोलायचं ते मागनं बोला, मी कुठं जात न्हाई. उद्या भोगी हाय. घरोघर बाया आत्ताच पीठ काढून ठेवत असतील. जावा. जावा म्हनतो ना.