शेवंताला ठेवून जावा

— न्हाई न्हाई, पोतं उचलू नगा केवळाबाई, ह्या जगदेवीचं आधी ऐका. चाकूर सोडून पुण्याला निघालाव, पानी न्हाई, जनावरं इकली, समदं कळतंय मला — मी कुठं जाऊ नगा म्हनायलेय? फकस्त तुमच्या शेवंताला ठेवून जावा. परीक्षा होईस्तोवर. माझ्या लेकीच्या, गुरम्माच्या ताटात जेवील, माझ्याच पदराखाली निजंल. तिच्या शाळेसाठीच म्हनायलेय मी — दुसरं काय?

गुरम्मा पयल्यांदा शाळेत गेली तवाचं आठवतंय ना? घंटा झाली की कानावर हात, न्हाईतर सोताचंच मनगट चावायची. लातूरचे डॉक्टर म्हनले, स्वमग्न हाय. पोरी म्हनल्या, येडी हाय. मग बाईंनी तुमच्या शेवीला तिच्या शेजारी बसिवलं. आन् शेवीनं काय केलं? बोलली का? अजाबात न्हाई. जवळ बसून आपली चिंचोके मांडून राहिली, गुपचूप. लई दिवसांनी आमच्या गुरम्मानं त्यात एक चिंचोका ठिवला. मग हिनं एक, तिनं एक — तुझी पाळी, माझी पाळी. दुसऱ्या पोरींनाबी शेवीनंच शिकिवलं — तिला ओढू नगा, नाव घ्या आन् थांबा, देती ती जवाब. आन् देती हो! त्या दिवशी टँकरवर तुम्ही व्हताव की. बायका एकमेकींच्या घागरी ढकलायल्या, नुसता कालवा — मला वाटलं, आता ही भुईवर पडती. तर शेवीनं पोरींचं कडं केलं तिच्याभोवती, आन् माझी गुरम्मा, जिनं परक्या मानसाकडं कधी बघितलं न्हाई, ती त्या पाइपवाल्याला म्हनली — ‘आता माझी पाळी.’ समद्या बायांनी घागरी मागं घेतल्या.

म्हनून म्हनते — काय? शेवीला इचारलं का? आवो, लेकराला काय इचारायचं — तुम्हाला ठावं न्हाई, आमच्या मालकांनी नांदेडकडं कुठंतरी असल्या लेकरांची जागा बघून ठिवलीय, गुरम्माला ठिवायला. म्हनतेत, ती पोरगी गेली की ही परत चावायला लागंल, कोन सांभाळील? आन् मी — मी गप बसले. भ्या वाटतं मला केवळाबाई, माझ्याच लेकराचं. दोघीच घरात असलाव की मी चुलीपुढून उठत न्हाई. तुमची शेवी दारात आली की मंग जीवात जीव. एवढ्याशा पोरीच्या आधारानं जगायलेय मी — मी, आई असून.

शेवे, ये बाई इकडं. राहतीस का काकूपाशी? — आईच्या मागं कामून लपायलीस? रडू नगो. न्हाई तर न्हाई. रास्त हाय, आईसंगच जावं लेकरानं. पर एवढं सांगून जा, माझी माय — ती मनगट चावायला लागली की तू काय करतीस? काय? काईच न्हाई? हात धरायचा न्हाई, बोलायचं न्हाई — नुसतं शेजारी बसायचं? आन् किती येळ? … तिचं होईस्तोवर.

हं.

जावा तुम्ही केवळाबाई, ऊन चढायच्या आत निघा. आत एकटीच हाय ती. जावा. बसते मी.