उद्घाटनापुरती मेमरी

सकाळचे अकरा, सरकारी रुग्णालयाची सर्व्हर-खोली. मी बातमीला गेलो होतो. सगळं नेटवर्क एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन होतं, आणि ते इन्स्टॉलच होईना.

"साहेब, याले दुप्पट मेमरी लागते," इंजिनिअर म्हणाला.

"मंत्री येऊन राहिले गा! आयसीयूच्या सर्व्हरची काढून लाव," अधिकारी ओरडले.

"तिथले मॉनिटर अटकतील ना!"

"तपासणीले आपण दुसऱ्या वार्डातून खाटा आणतोच ना? तसंच समज."

मेमरी लागली, नारळ फुटला.

माझी आई त्याच आयसीयूत होती. मी अधिकाऱ्यांना जिन्यात गाठलं. "मेमरी परत कधी लावता?"

"काहून टेन्शन घेता भाऊ? प्रोग्राम मस्त झाला ना!"

उद्घाटनाला आठवडा झाला. आज आईचा मॉनिटर पुन्हा थिजला. मेमरी अजून उद्घाटनाच्याच मशीनमध्ये आहे.