फोन कुणाला करायचा?

विषय : आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या अमेरिकन चर्चचा हॉल पुढच्या वर्षीही मिळण्याबाबत.

अर्ज लिहायला मी, कारण मी निवृत्त कारकून. फॉर्मवर जबाबदार व्यक्तीचं एकच नाव हवं होतं. मंडळी चालवणारे दोघे, पुण्याचा संजय आणि नागपूरचा विलास, ईस्टरपासून एकमेकांशी बोलत नव्हते. वाद असा, की प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा सगळ्यांना एकच प्याला की प्रत्येकाला वेगळा.

"काका, त्याचं नाव टाकलंत तर मी मंडळी सोडतो," संजय म्हणाला. विलासही हेच म्हणाला. एकमत तेवढंच.

बायकोचं जेवणात लक्ष लागेना. "हॉल गेला तर मी मराठीत प्रार्थना कुणाबरोबर करू? नातवंडं तर आमेनसुद्धा इंग्रजीत म्हणतात."

मग मी सगळ्यांच्या सह्या गोलाकार घेतल्या. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही.

अमेरिकन पाळकांनी कागद फिरवून फिरवून वाचला. "किती प्रेम आहे तुमच्यात! पण हॉलमधला पाइप फुटला, तर फोन कुणाला करायचा?"

संजयने छताकडे पाहिलं, विलासने बुटांकडे. बायकोने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

मुदत येत्या रविवारी संपते. नावाचा रकाना कोरा आहे. अर्ज प्रलंबित आहे.