शोषखड्ड्याचा तळ

मैला उपसणारी गाडी मागवायच्या रांगेत टेलरबाईंनी कान टवकारले. पुढे उभ्या एका आजी-आजोबांची जुंपली होती.

“अहो, शोषखड्डा का म्हणतात हो त्याला?”

“सांडपाणी शोषतो म्हणून. तळातल्या मातीत मुरतं ते.”

“आणि आपल्या खड्ड्याच्या तळाला तुम्ही सिमेंट करून घेतलंत!”

“अगं, स्वच्छ दिसावं म्हणून.”

“तिथं कोण बघायला उतरणार होतं? खड्डा तुंबला की बोल मात्र सुनेला, पाणी फार सांडते म्हणून. बसली ना माहेरी जाऊन!”

“तू थांब रांगेत. मी निघतो.”

“गवंड्याकडे?”

“गवंडी नंतर. आधी सूनबाई.”

“मग ही तिकिटं घ्या. सकाळीच काढून ठेवलीत. जातानाचं एक, येतानाची दोन.”