वाकडा खिळा

डायना: मम्मी, चहा निवला. बघण्यासारखं काय राहिलंय तिथे? खाडीवरच्या साकवाचं छप्परसुद्धा उतरवलं.

आग्नेस: कौलं फोडली असतील मेल्यांनी.

डायना: नाही हो. तुमचा फ्लॉईड उभा होता ना तिथे. सिमेंटचा पूल येणार म्हणून गावानेच लाकूड उतरवलं. ज्या घराचा वासा, त्याच्या दारात.

आग्नेस: माझ्या सासऱ्यांच्या आज्याने घातलं ते छप्पर, घरटी एक वासा घेऊन. चर्च खाडीपल्याड. बाप्तिस्मा घेऊन येनारी बाळं भिजू नयेत म्हनून. मग रीतच पडली. बाळाला छपराखाली थांबवायचं आनि धर्मपित्याने घरच्या वाशात खिळा ठोकायचा.

डायना: आमच्या जॉयलचा ठोकताना क्लेमेंट अंकलनी अंगठा ठेचून घेतला.

आग्नेस: पोरापेक्षा तोच जास्त रडला.

डायना: खिळे काढून ठेवलेत फ्लॉईडने. पप्पांचा, त्याचा, ज्युलीताईचा, जॉयलचा. एक जास्तीचा निघाला, तो भंगारात टाकला.

आग्नेस: जास्तीचा?

डायना: फ्लॉईडच्या खिळ्याच्या अलीकडे होता, वाकडा. तो म्हणाला, कोणी कंदील टांगायला मारला असेल.

आग्नेस: भंगारवाला येऊन गेला?

डायना: उद्या येईल. काय झालं, मम्मी? कोणाचा होता?

आग्नेस: फ्लॉईडच्या आधी मला मुलगी झाली. श्वास अडकत होता तिचा. आम्ही सगळे फादरची वाट बघत बसलो. अशा वेळी सुइनीने डोक्यावर पानी घातलं तरी बाप्तिस्मा होतो, हे घरात कोनाला ठाऊकच नव्हतं. फादर आले, तेव्हा ती नव्हती.

डायना: मग?

आग्नेस: मग घंटा नाही, क्रूस नाही. कबरस्तानाच्या कुंपनाबाहेर ठेवली. सासूबाई म्हनाल्या, बाप्तिस्मा नाही तर खिळा कसला. तुझे सासरे दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन एकटेच साकवावर गेले.

डायना: पप्पा तर सुतार होते.

आग्नेस: उभ्या जन्मात त्यांचा खिळा वाकला नाही. तेवढा एकच वाकला.

(डायना अंगणातलं पोतं उपसते. बऱ्याच वेळाने परत येते.)

डायना: हाच ना?

आग्नेस: हाच.

डायना: नाव काय ठेवणार होता?

आग्नेस: कार्मिन. माझ्या आईचं. आजवर विचारलं नाही कोनी.

डायना: द्या, बाकीच्यांबरोबर डब्यात ठेवते.

आग्नेस: डब्यात नको गं. जरा मांडीवर राहू दे.