चालू असू दे, आम्ही बंद आहोत

आदरणीय अध्यक्ष यज्ञेश्वरराव, प्रमुख पाहुण्या मालनबाई, सत्कारमूर्ती आणि आपल्या ग्रंथपाल श्यामलाताई खांबेटे, ग्रंथालयाचे वाचक, श्रोते आणि वड्यांच्या वासाने दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले हितचिंतकहो, सर्वांना नमस्कार.

मी योगेश. हडपसरच्या एका कंपनीत संगणक सांभाळतो आणि सवडीने आपल्या श्राव्य ग्रंथालयाचेही. सदाशिव पेठेत बोलायला उभं राहायचं म्हणजे परीक्षाच. ताईंनी चष्मा लावलेला मला दिसतो आहे.

डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित होतात. ताईंची एकोणीस वर्षांची ही कमाई जुन्या विंडोज संगणकात होती. गेल्या जूनमध्ये त्याची डिस्क करकरू लागली. दुसरी प्रत नव्हती. ती ठेवणं संगणक सांभाळणाऱ्याचं काम असतं, म्हणजे माझं. पण आज सत्कार ताईंचा आहे, तेव्हा तो विषय नको.

त्यात मालनबाईंचे यजमान कै. बापूरावांनी वाचलेली चाळीस पुस्तकं होती. आवाज तेवढाच उरलेला. आणि ती होती सगळ्यात शेवटच्या फोल्डरमध्ये.

मी नवा लिनक्सचा संगणक शेजारी मांडला. दोन्हींच्या तऱ्हा निराळ्या, पण काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की फाइली इकडून तिकडे जातात. पाच तासांचं काम. सकाळी दहाला ओळ टाइप केली, रुबाबात एंटर दाबलं आणि हडपसरला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर निम्म्यावर थांबलेलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. मी अध्यक्षांना दोन संगणकांच्या स्वभावभेदांवर तीन पानी ईमेल पाठवली. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, “लेखन आवडले. फाइली गेल्या का?”

रोज संध्याकाळी विश्रांतवाडीहून मालनबाईंचा फोन यायचा. “आमचे हे पोचले का हो?”

काय सांगणार? “निघालेत,” म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी रजा टाकून संगणकासमोरच बसलो. एक वाजला. ताई पिशवी घेऊन मेन स्विचपाशी आल्या.

“उठा. एक वाजला.”

“अहो ताई, कॉपी चालू आहे!”

“चालू असू दे. आम्ही बंद आहोत.”

आणि खटका! दोन दिवस मी ज्याला विंडोज आणि लिनक्सचं भांडण समजत होतो, ते ताईंचं जेवण होतं. इथे एकदा शॉर्टसर्किट झालं होतं; तेव्हापासून एक ते चार माणूस नाही, तर वीज नाही.

“ताई, डिस्क कधीही जाईल. आता पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार!”

“का? थांबलं तिथून पुढे का नाही?”

“ही आज्ञा तशी चालत नाही.”

“मग त्या काळ्या खिडकीपेक्षा आमचे वाचक बरे. पहिल्याच दिवशी सांगतो त्यांना, उठताना पुस्तकात खूण घाला.”

खरं तर झालेलं ओळखून राहिलेलंच उचलणारी आज्ञा आहे. आरसिंक तिचं नाव. रोज कंपनीत वापरतो. इथे सुचली नाही, कारण चूक माझी असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या कोणत्या पेठेत हा शोध इतक्या कमी शब्दांत लागला असता?

चार वाजता ताई आल्या, मेन लावला, मी नवी ओळ टाइप केली. जुन्या फाइली भराभर मागे टाकून ती पुढे गेली. साडेसहाला शेवटचं फोल्डर उतरलं. त्यानंतर अकराव्या दिवशी जुनी डिस्क कायमची बंद पडली.

फाइली उतरल्या त्या संध्याकाळी मालनबाईंना फोन ताईंनीच केला. “पोचले हो,” म्हणाल्या, आणि बापूरावांचा आवाज लावून फोन संगणकापाशी धरला. त्या दिवशी ग्रंथालय बंद व्हायला पाऊण तास उशीर झाला. एकोणीस वर्षांत एकदाच.

संस्थेने बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन तर मोठ्या मनाने सोडून द्या. सांगायचं अजून बरंच आहे, पण एकला दोन मिनिटं कमी आहेत आणि सत्कारमूर्ती उठून मेनकडे निघाल्या आहेत. ताई, मी खूण घातली आहे. करा बंद.