वादळवीराची आई

मंडळी, आज एक साधाच प्रश्न घेऊन उभा आहे. आपल्या जिवाच्या माणसानं आपल्याला एखादी गोष्ट चुकीची सांगितली – जाणूनबुजून, ठरवून चुकीची! – तर ते पाप म्हणायचं का? थांबा, एवढ्यात माना हलवू नका. पुढच्या रांगेतले काका तर निकाल देऊन मोकळे झाले! आधी ऐका.

गोष्ट आहे कार्टूनची. हसा, हसा! बुवांनी जन्मभर राजाराणीच सांगावी असं कुठं लिहिलंय? परदेशातलं कार्टून, पण मराठीत बोलणारं. नाव वादळवीर. हा गडी वाऱ्यावर उडतो, पडणारे पूल हातावर तोलतो आणि खांद्यावर आपल्यासारखंच लाल उपरणं घेतो! वीसेक वर्षांमागं हा चित्रपट औंधच्या जत्रेत आला होता. तंबूत! आठवतो का तंबू? खाली माती, घरून आणलेलं पोतं अंथरायचं. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. ज्यांना जागा नाही ते पडद्याच्या मागं बसायचे. त्यांना चित्र उलटं दिसायचं, त्यांचा नायक कायम डावखुरा! तक्रार केली का कुणी? छे हो! मध्येच रीळ तुटायचं, अंधार व्हायचा, शिट्ट्या पडायच्या. काय दिवस होते ते! आता घरोघरी पडदा आलाय, पण शेजारी खेटून बसायला माणूस नाही.

असो. तर या वादळवीराचा दुसरा भाग परवा आला. आणि साताऱ्यात राहतो शंतनू लाटकर. चित्रपटातल्या चुका काढायच्या आणि मोबाइलवर लोकांना दाखवायच्या, हाच याचा उद्योग. पोट त्यावरच! तिकीट काढून पहिल्याच खेळाला बसला. आणि काय सांगू, चुकांचा पाऊस! वीर पुलावर चढताना उपरणं लाल, उतरताना निळं! मध्ये रंगारी बसला होता काय? मोडला उजवा हात, प्लास्टर डाव्याला! शंतनू खूश. घरच्या लग्नात नाचावं तसा खूश.

आम्हा कीर्तनकारांचीही हीच गत असते बरं. मागं एकीनं मला धरलं, "बुवा, गेल्या वर्षी राजाला तीन राण्या होत्या, यंदा दोनच कशा?" म्हटलं, बाई, महागाई किती वाढलीय!

आणि मग शंतनूला सापडली सगळ्यांत मोठी चूक. वीराच्या घरात भिंतीवर आईचा फोटो, फोटोला फुलं. हा खुर्चीतून उठलाच! घरी येऊन मोबाइलसमोर बसला नि गरजला, "अरे, पहिल्या भागात आई जिवंत आहे! वीर तिला पुरातून वर काढतो. शेवटी दोघं घरी येतात आणि चुलीपाशी बसून पिठलं-भाकरी खातात! हे लोक स्वतःचाच चित्रपट विसरले?"

मंडळी, काय हसले लोक! "परदेशात पिठलं?" "शंतनूभाऊ, सोबत कांदा फोडला होता का?" कुणी म्हणालं, "आई तर पहिल्याच भागात पुरात गेली. दुसऱ्यांच्या चुका काढणारे, आधी चित्रपट बघा की!"

शंतनू चिडला. जुना चित्रपट शोधून काढला, लावला. पाणी चढलं. आईचा हात सुटला. आई गेली. पिठलं नाही, चूल नाही, काही नाही! पण याला ती चूल दिसलेली आठवत होती हो! जाळ आठवत होता!

तडक औंध गाठलं. वडील दिनकरराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ओट्यावर शेंगा सोलत बसले होते.

"आण्णा, वादळवीर तुम्हीच दाखवला होतात ना मला? मग मी शेवट कसा नाही बघितला? कुणी सांगितलं मला ते पिठल्याचं? माझी अब्रू गेली आज!"

दिनकररावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. हळूच म्हणाले, "तुझी आई श्रावणात गेली, शंत्या. जत्रा पौषातली. म्हटलं, पोराला जरा हसायला न्यावं. मला काय ठाऊक आत काय आहे! पडद्यावर पूर आला, त्या बाईचा हात सुटायला लागला, तसा तू माझ्या गळ्याला मिठी मारलीस आणि विचारलंस, 'आण्णा, हिला पण नेणार का?'"

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

"मी उठलो. तुला खांद्यावर घेतलं नि तंबूबाहेर आलो. तू रडायला लागलास, पुढं काय झालं सांगा म्हणून. सांगितलं. वाचवलं तिला. घरी आणलं, चुलीपाशी बसवलं. पिठलं तेवढं मला करता येत होतं, म्हणून तेच घातलं जेवायला. पुढं तू रोज तीच गोष्ट मागायचास, मी रोज तिला वाचवायचो." मग घाबरून म्हणाले, "माझ्यापायी तुझी फजिती झाली रे. मोबाइलवरचं ते काढून टाक. मी म्हातारा चुकलो म्हणून सांग लोकांना."

आता सांगा, काका! काय निकाल? मघाशी मान हलत होती, आता का खाली गेली?

शंतनूनं काढलं नाही. तिथंच ओट्यावर, वडिलांना शेजारी घेऊन, मोबाइल समोर धरला. म्हणाला, "ती चूक त्या चित्रपटाची नव्हती. आमच्या घरात मात्र वादळवीराची आई कधी गेली नाही. हे माझे वडील. त्यांनी तिला जाऊ दिलं नाही." एवढंच बोलला, आणि म्हाताऱ्याच्या कुशीत शिरून रडला. बायको गेल्यावर दिनकरराव कुणासमोर रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

मंडळी, तुम्हाला झोप लागावी म्हणून कुणीतरी कधीतरी गोष्ट बदलली असेल. 'मला भूक नाही' म्हणाली असेल. 'सगळं ठीक होईल' म्हणाला असेल, काही ठीक नसताना. आपण मोठे झालो, शहाणे झालो, आणि तेच धरून त्यांना विचारतो, तेव्हा असं का म्हणालात? ते माणूस अजून घरात असेल, तर आज जाऊन त्याच्याजवळ बसा. काही विचारू नका. आणि नसेल, तर... पेटी राहू दे जरा. टाळ खाली ठेवा. इथंच, त्याची आठवण काढून, घटकाभर गप्प बसू या.